ड्युटी, सुट्टी, बदली, तब्येत : पोलिसांच्या प्रश्नांना उत्तरे

या अंकासाठी पोलीस अंमलदार, अधिकारी आणि त्यांच्या घरच्या मंडळींकडून आलेली पत्रे निवडली आहेत. पत्रे थोडक्यात दिली आहेत. नावे आणि ठाणी मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न : तालुक्याच्या ठाण्याचा मी प्रभारी आहे. पटावर ६२ अंमलदार आहेत. सगळ्यांना आठ तासांची पाळी मिळावी असे मनापासून वाटते. दोनदा सुरुवात केली, पण पंधरा दिवसांत गाडे पुन्हा बारा तासांवर आले. कुठे चुकते?
– पोलीस निरीक्षक, मराठवाडा

बहुतेक ठाण्यांत पहिल्याच गुणाकारात चुकते. दिवसाच्या तीन पाळ्या, म्हणून एका जागेला तीन माणसे धरली जातात. त्या तिघांनी वर्षभर एकही सुट्टी घेतली नाही आणि कुणी आजारी पडले नाही, तरच हा हिशेब जमतो.

खरा हिशेब असा मांडा. एक जागा वर्षभर अहोरात्र चालवायची तर ३६५ गुणिले ३, म्हणजे १,०९५ पाळ्या भराव्या लागतात. एका अंमलदाराच्या ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, ३० अर्जित रजा आणि २० किरकोळ रजा वजा करा. (शिपायापासून निरीक्षकापर्यंतच्या किरकोळ रजा २०२२ मध्ये १२ वरून २० झाल्या. जुने तक्ते अजून १२ धरूनच चालतात.) उरले २६३. आजारपण, प्रशिक्षण आणि साक्षीसाठी कोर्टाच्या तारखा यांचे किमान १३ दिवस काढा. हाती राहिले २५०. आता १,०९५ ला २५० ने भागा. उत्तर येते ४.३८. एका जागेला जवळजवळ साडेचार माणसे लागतात, तीन नव्हेत.

हे तुमच्या ६२ जणांना लावून पाहू. समजा सहा जण पटावर तुमच्याकडे पण काम मुख्यालयात, स्थानिक गुन्हे शाखेत किंवा कुणाच्या कार्यालयात. समजा नऊ जण टेबलाचे काम करतात : कोर्ट पैरवी २, समन्स-वॉरंट २, सीसीटीएनएस (गुन्ह्यांच्या संगणकीय नोंदी) २, गोपनीय, मुद्देमाल आणि हजेरी प्रत्येकी १. उरले ४७. अहोरात्र लागणाऱ्या जागा मोजा : ठाणे अंमलदार, त्याचा मदतनीस, महिला अंमलदार, बिनतारी, कोठडी पहारा, ११२ या आपत्कालीन क्रमांकाच्या गाडीवर चालक आणि एक अंमलदार. झाल्या सात. सातला ४.३८ ने गुणले की ३१ माणसे. म्हणजे ४७ पैकी ३१ जण सात खुर्च्यांना बांधले गेले. बीट, तपासातली मदत आणि बंदोबस्त यांना १६ उरतात. बारा तासांच्या दोन पाळ्यांत त्याच सात जागा २१ माणसांत निघतात. हा दहा माणसांचा फरक कुठून भरायचा हे आधी ठरवले नाही, म्हणून गाडे पंधरा दिवसांत मागे येते.

दहा माणसे तीन ठिकाणी सापडतात. पहिले ठिकाण संलग्न नावे. आपल्या पटावरचे कोण, कधीपासून, कुणाच्या आदेशाने बाहेर आहे याची यादी दर तिमाहीला अधीक्षक कार्यालयात पाठवून ती माणसे परत मागा. तोंडी सांगून गेलेला अंमलदार वर्षानुवर्षे परत येत नाही. दुसरे ठिकाण एकत्र करता येणाऱ्या जागा. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात बिनतारी आणि मदतनीस ही कामे एकाकडे देता येतात का ते पाहा. तिसरे ठिकाण खुद्द पाळ्यांचा हट्ट. प्रत्येकाला तीन पाळ्यांत घालू नका. बीट, समन्स आणि तपास ही मुळात दिवसाची कामे आहेत. या मंडळींना आठ तासांची दिवसपाळी आणि आठवड्यातून एक रात्रगस्त द्या. तीन पाळ्या फक्त न हलणाऱ्या जागांना.

पाळीच्या वेळा शेवटची एसटी पाहून ठरवा. अकराला पाळी बदलली आणि शेवटची गाडी साडेदहाला गेली, तर तो माणूस सकाळपर्यंत ठाण्यातल्या बाकावरच झोपणार. कागदावर आठ तास, घराबाहेर सोळा. तालुक्याच्या गावी ६–२–१० (सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा) हे सहसा बसते. पाळ्या पुढच्या दिशेने फिरवा : सकाळ, दुपार, रात्र. उलट फिरवल्या की दोन पाळ्यांत जेमतेम आठ तास मिळतात आणि झोप होतच नाही. सलग रात्रपाळ्या दोन किंवा तीनच ठेवा. आठवडाभर रात्रपाळी देण्याची जुनी पद्धत आहे, पण चौथ्या-पाचव्या रात्रीपर्यंत दिवसाच्या अपुऱ्या झोपेची थकबाकी साठते आणि पहाटे तीन ते पाच या वेळात गाडी चालवणाऱ्याचा डोळा लागतो.

आता साप्ताहिक सुट्टी. रात्रपाळी सकाळी सहाला संपली आणि तोच दिवस सुट्टी धरला, तर ती सुट्टी झोपेतच जाते. संध्याकाळी माणूस उठतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा कामावर. सुट्टी ही मध्यरात्र ते मध्यरात्र धरा आणि तिच्या आधीची पाळी सकाळची किंवा दुपारची द्या. ४७ जणांत रोज सहा-सात जण सुट्टीवर असणार हे गृहीत धरून, बाजाराच्या दिवशी चार आणि इतर दिवशी सात-आठ अशी वाटणी करा. महिन्याचा तक्ता २५ तारखेला फळ्यावर लावा. सुट्टी रद्द करायची तर प्रभारीच्या सहीने, कारण लिहून, आणि तिच्या बदल्यात द्यायच्या सुट्टीची तारीख त्याच कागदावर टाकून. हजेरी अंमलदाराने फोनवर “उद्या या” म्हणून सुट्टी मोडण्याची सोय बंद झाली, की निम्म्या मोडलेल्या सुट्ट्या वाचतात. कारण लिहून द्यायची वेळ आली की पर्याय शोधला जातो.

मुंबईत आठ तासांचा प्रयोग मे २०१६ मध्ये देवनार ठाण्यात सुरू झाला. आराखडा तिथल्याच एका अंमलदाराने मांडला होता. दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना तो राबवला गेला आणि जानेवारी २०१८ पासून शहरातल्या ठाण्यांना लागू झाला. त्यातली घेण्यासारखी गोष्ट हीच, की तक्ता ड्युटी करणाऱ्याच्या हातून निघाला. तुमच्या हजेरी अंमलदाराबरोबर एक महिला अंमलदार, एक चालक आणि लांबून ये-जा करणारा एक जण बसवा. कोणती पाळी कागदावरच राहणार आहे, हे ते तुम्हाला पहिल्या बैठकीत सांगतील.

प्रश्न : आमच्याकडे १२/२४ आहे. बारा तास काम, चोवीस तास घरी. मी ५५ किलोमीटरवरून येतो. मला आठ तासांपेक्षा हीच बरी वाटते. चूक आहे का?
– पोलीस हवालदार, पश्चिम महाराष्ट्र

चूक नाही. तुमच्या अंतराला ती सोयीचीच आहे. १२/२४ मध्ये वर्षाला साधारण २४३ फेऱ्या होतात, आठ तास आणि साप्ताहिक सुट्टी या पद्धतीत ३१३. सत्तर फेऱ्यांचे पेट्रोल आणि वेळ वाचतो.

पण तास मोजा. १२/२४ चे वर्षाला २,९२० तास होतात, दुसऱ्या पद्धतीचे २,५०४. फरक ४१६ तासांचा, म्हणजे आठ तासांच्या नेमक्या ५२ पाळ्या. १२/२४ मध्ये साप्ताहिक सुट्टी वेगळी मिळत नसेल तर ती तुम्ही गमावलेली आहे. चोवीस तासांच्या विश्रांतीत ती धरली आहे असे सांगितले जाते, पण गणितात ती कुठेच नाही. दुसरे, या चक्रात एकदा दिवस आणि एकदा रात्र असे आलटून-पालटून येते, त्यामुळे झोपेची वेळ कधीच ठरत नाही. रात्रीची पाळी संपल्यावर लगेच मोटारसायकलवर ५५ किलोमीटर जाऊ नका. ठाण्यात वीस-तीस मिनिटे डुलकी घ्या किंवा एसटीने जा. १२/२४ ठेवायचीच असेल तर महिन्यातून दोन पूर्ण सुट्ट्या जोडून मागा. ही मागणी वाजवी आहे आणि तक्त्यात बसते.

प्रश्न : आमच्याकडे तणावमुक्तीची शिबिरे होतात. ती नेहमी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीच ठेवतात आणि हजेरी सक्तीची असते. तक्रार करावी का?
– पोलीस शिपाई, कोकण

शिबिराबद्दल तक्रार करू नका, त्याच्या दिवसाबद्दल करा. पोलीस संशोधन व विकास ब्युरोसाठी हैदराबादच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजने २०१४ मध्ये देशभराचा अभ्यास केला. ठाण्यांतले जवळजवळ ९० टक्के कर्मचारी रोज आठ तासांपेक्षा जास्त काम करतात आणि ७३ टक्क्यांहून अधिक जणांना महिन्यातून एकही साप्ताहिक सुट्टी मिळत नाही, असे त्यात आढळले. ज्याची मूळ तक्रार सुट्टी न मिळण्याची आहे त्याची सुट्टी घेऊन त्याला प्राणायाम शिकवणे हा उपाय आमच्या मते उलटा आहे. शिबीर कामाच्या वेळेत, पाळीतले दोन तास वळते करून, २०–२५ जणांच्या तुकड्यांनी घ्यावे, असा अर्ज द्या. दरबारात, म्हणजे वरिष्ठ अंमलदारांच्या अडचणी ऐकतात त्या बैठकीत, हा मुद्दा एकट्याने न मांडता तीन-चार ठाण्यांच्या अंमलदारांनी वेगवेगळा मांडला तर तो ऐकला जातो.

प्रश्न : ताप आला म्हणून ठाण्यात फोन करून घरी थांबलो. पाच दिवसांनी खासगी डॉक्टरांचे प्रमाणपत्र घेऊन हजर झालो, तर स्टेशन डायरीत गैरहजर अशी नोंद आणि वर कारणे दाखवा नोटीस. आता काय?
– पोलीस शिपाई, उत्तर महाराष्ट्र

नोटिशीत दिलेल्या मुदतीत उत्तर द्या, हे सर्वांत महत्त्वाचे. उत्तर न देणे म्हणजे कसुरी मान्य करण्यासारखे धरले जाते. उत्तरात पाच गोष्टी हव्यात : फोन कधी आणि कुणाला केला (मोबाइलच्या कॉल यादीची प्रत जोडा), आजार काय, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असलेले प्रमाणपत्र, औषधांची आणि तपासण्यांची बिले, आणि कामावर येण्यास योग्य असल्याचे वेगळे प्रमाणपत्र. शेवटचे अनेकांच्या लक्षात राहत नाही. आजारपणाची रजा मंजूर होण्यासाठी आजारी असल्याचा दाखला आणि बरे झाल्याचा दाखला असे दोन्ही लागतात.

सोबत रजेचा अर्ज जोडा आणि कोणती रजा हवी ते स्पष्ट लिहा. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे दर १ जानेवारी आणि १ जुलैला १५ दिवस अर्जित रजा आणि १० दिवस अर्धवेतनी रजा खात्यावर जमा होते. आजारपणासाठी अर्धवेतनी रजेचे परिवर्तन करून पूर्ण पगारी रजा मागता येते. मग पाच दिवसांसाठी खात्यातून दहा दिवस वजा होतात. अर्जात नुसते “रजा मिळावी” लिहिले की कार्यालय आपल्या सोयीने विनावेतन लावते.

तरीही शिक्षा झालीच, तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २७ खाली अपील आहे. आदेश हातात पडल्याची तारीख त्याच्या प्रतीवर स्वतः लिहून सही करा, मुदत तिथून मोजतात.

पुढच्या वेळी फोनवर भागवू नका. ठाणे अंमलदाराला फोन करून डायरीचा नोंद क्रमांक मागा आणि तोच मजकूर प्रभारींना व्हॉट्सॲपवर पाठवा : नाव, बक्कल (बिल्ला) नंबर, आजार, कोणत्या दवाखान्यात जात आहे. शक्य असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्याचा केसपेपर काढून ठेवा. पाच दिवसांनी आणलेल्या मागच्या तारखेच्या दाखल्यापेक्षा पहिल्या दिवसाचा केसपेपर फार वजनदार ठरतो.

प्रश्न : माझे मिस्टर हवालदार आहेत. चार-पाच महिने झाले, रात्री दोन-तीनला उठून बसतात, मुलांवर ओरडतात, रोज पिऊ लागले आहेत. परवा म्हणाले, “आता कंटाळा आला सगळ्याचा.” त्यांच्याकडे सरकारी पिस्तूल असते. साहेबांना सांगितले तर नोकरीवर डाग लागेल म्हणून ते मला शपथ घालतात. मी काय करू?
– एक वाचक भगिनी

ताई, सगळ्यात आधी पिस्तुलाचे. ते आजपासून घरी येता कामा नये. ड्युटी संपली की ते ठाण्याच्या शस्त्रागारात जमा करून पावती घेणे ही रोजचीच पद्धत आहे, त्यासाठी कुणाला कारण सांगावे लागत नाही. ते तयार नसतील तर त्यांचा विश्वासातला एखादा बॅचमेट गाठा आणि त्याच्याकडून हे करवून घ्या. त्यांनी स्वतःला संपवण्याबद्दल थेट बोलले, निरवानिरवीची भाषा केली किंवा पिस्तूल जवळ ठेवून बसले, तर शपथ बाजूला ठेवा आणि प्रभारी अधिकाऱ्यांना लगेच फोन करा. अशा वेळी त्यांना एकटे सोडू नका. “मनात जीव द्यायचे विचार येतात का?” असे सरळ विचारायला घाबरू नका. विचारल्याने तसे विचार येत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते.

आज रात्रीच फोन करता येईल असा क्रमांक : १४४१६, टेली मानस. ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत. त्यांच्या वतीने तुम्हीही फोन करू शकता.

दारू एकदम बंद करायला लावू नका. रोज पिणाऱ्याने अचानक सोडली की सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत हात थरथरणे, घाम, कधी झटके आणि भ्रम असा त्रास होऊ शकतो आणि तो जिवावर बेततो. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवा. ते औषधे देऊन सोडवतात.

नोकरीचे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ प्रमाणे रुग्णाच्या आजाराची आणि उपचारांची माहिती गोपनीय ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. रजा वैद्यकीय कारणावर मागता येते, तिचा मार्ग आधीच्या उत्तरात दिला आहे. परत आल्यावर काही महिने शस्त्र नसलेली आणि रात्रपाळी नसलेली ड्युटी मागावी, जसे सीसीटीएनएस किंवा मुद्देमाल. ही विनंती डॉक्टरांच्या चिठ्ठीसह द्यावी. आजार लांबला आणि कायमचे अपंगत्व ठरले, तर दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २०(४) मध्ये सेवेत अपंगत्व आलेल्याला काढू नये, दर्जा घटवू नये, तेवढ्याच पगारावर दुसरे काम द्यावे अशी तरतूद आहे. केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका मानसिक आजारी अधिकाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली होती. त्या रवींदर कुमार धारिवाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२१ रोजी ही कारवाई भेदभावाची ठरवली. आजारातून घडलेल्या वर्तनाकडे कसे पाहावे यासाठी तो निकाल वकिलाला दाखवण्याजोगा आहे.

डाग लागण्याची भीती त्यांच्या मनात आहे आणि ती उगाच नाही. पण उपचार न घेता पुढे काय होते तेही पाहा. दारू पिऊन ड्युटीवर सापडणे, वरिष्ठांशी हुज्जत, गैरहजेरी ही सगळी शिक्षा होण्याची कारणे आहेत. उपचार घेणे हे त्यात नाही. हेच वाक्य त्यांना सांगा.

प्रभारी अधिकाऱ्यांनाही इथेच एक विनंती. असा अंमलदार समोर आला तर शस्त्र काढून घेताना ते सगळ्यांदेखत, हजेरीच्या वेळी करू नका. ड्युटी बदलल्याचा साधा आदेश काढा. सगळ्यांसमोर कमरेचे पिस्तूल काढून घेतलेला माणूस तुम्हाला पुन्हा खरे सांगणार नाही, आणि हे पाहणारे दहा जणही सांगणार नाहीत.

प्रश्न : एका ठाण्यात उपनिरीक्षक म्हणून मला १४ महिने झाले. अचानक जिल्ह्यातच दुसऱ्या टोकाला बदली झाली. आदेशात “प्रशासकीय कारणास्तव” एवढेच आहे. मुलीची दहावी आहे. दाद मागता येते का?
– पोलीस उपनिरीक्षक, विदर्भ

येते, पण वेळ दवडू नका. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी जे निर्देश दिले, त्यांच्या अनुषंगाने महाराष्ट्र पोलीस अधिनियमात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली. त्यातले कलम २२न तुमच्या कामाचे. उपनिरीक्षक ते निरीक्षक यांचा सर्वसाधारण कार्यकाळ ठाण्यात किंवा शाखेत दोन वर्षे, जिल्ह्यात चार वर्षे, परिक्षेत्रात (काही जिल्हे मिळून) आठ वर्षे. स्थानिक गुन्हे शाखा आणि विशेष शाखेत तीन वर्षे. मुंबई आयुक्तालयात आठ, इतर आयुक्तालयांत सहा. शिपायापासूनच्या अंमलदारांना एका जागी पाच वर्षे.

मुदतीआधी बदली करता येते. शिस्तभंगाची कारवाई, न्यायालयाने दोषी ठरवणे, भ्रष्टाचाराचे आरोप, काम करण्यास असमर्थता, कर्तव्यात कसूर ही कारणे कलमातच आहेत. शिवाय अपवादात्मक परिस्थितीत, लोकहितासाठी आणि प्रशासकीय निकडीपोटी मुदतपूर्व बदलीचा अधिकार आहे. तुमच्या आदेशातले दोन शब्द याच खिडकीतून आले आहेत. म्हणून प्रश्न असा विचारायचा : निकड कोणती होती आणि बदल्या ठरवणाऱ्या पोलीस आस्थापना मंडळाच्या बैठकीत ती नोंदली गेली का? मंडळाचे इतिवृत्त माहिती अधिकारात मागा, पण त्याला ३० दिवस लागू शकतात. तोवर थांबू नका.

क्रम असा ठेवा. त्याच दिवशी अधीक्षकांकडे लेखी निवेदन : १४ महिने पूर्ण, कसुरी नाही, मुलीची दहावी, बदली रद्द करावी किंवा परीक्षेपर्यंत पुढे ढकलावी. पोच घ्या. लगोलग महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, वकिलामार्फत अर्ज आणि स्थगितीची मागणी. विदर्भासाठी नागपूर खंडपीठ आहे. मुख्य पीठ मुंबईत आणि दुसरे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. कायद्याने अर्जाला एक वर्षाची मुदत आहे, पण बदलीत तिचा उपयोग नाही. तुम्ही कार्यमुक्त होऊन नव्या जागी हजर झालात आणि तुमच्या खुर्चीत दुसरा बसला, की स्थगिती मिळणे अवघड होते. आजारी पडून आदेश टाळू नका, त्यातून वेगळी कारवाई ओढवते.

मुलीच्या परीक्षेचा मुद्दा दयेचा म्हणून मांडला तर दुबळा पडतो. दोन वर्षांचा कार्यकाळ आधी, परीक्षा नंतर, या क्रमाने लिहा. आणि एक काळजी घ्या : “विनंतीवरून बदली” असा कोणताही कागद या काळात सहीला आला, तर नीट वाचल्याशिवाय सही करू नका. विनंती दिसली की कार्यकाळाचे संरक्षण संपले.

प्रश्न : पोलीस हा चोवीस तास ड्युटीवर असतो असे कायद्यातच आहे म्हणतात. मग आठ तास कुठून आले?
– पोलीस शिपाई, ठाणे

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २८ मध्ये पोलीस अधिकारी सदैव कामावर असल्याचे मानले जाईल असे आहे. त्याचा अर्थ, सुट्टीवर असतानाही तुमच्यासमोर गुन्हा घडला तर तुमचे अधिकार आणि जबाबदारी कायम असते, आणि गरज पडली तर बोलावता येते. विश्रांती देऊ नये असे त्यात कुठेही नाही. पाळ्या लावणे हे प्रशासनाचे काम आहे आणि ते या कलमाला धरूनच करता येते.

प्रश्न : बंदोबस्ताच्या ठिकाणी स्वच्छतागृह नसते, म्हणून आम्ही बाराबारा तास पाणीच पीत नाही. मला वर्षात तिसऱ्यांदा लघवीचा संसर्ग झाला. घरी दोन वर्षांचे मूल आहे.
– महिला पोलीस शिपाई, पुणे

पाणी न पिण्याने संसर्गाचा धोका वाढतो. जळजळ, वारंवार जावेसे वाटणे ही सुरुवात असते. त्यासोबत थंडी वाजून ताप किंवा पाठीत एका बाजूला दुखणे आले, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला असे समजून त्याच दिवशी दवाखाना गाठा. तीनदा झाला आहे तेव्हा लघवीचे कल्चर करून घ्या. दर वेळी तीच गोळी खाऊ नका.

हा प्रश्न बंदोबस्ताच्या आराखड्यात सुटतो, जागेवर नाही. गणपती विसर्जन असो की पंढरीची वारी, आराखडा आधी तयार होतो. त्यात प्रत्येक पॉइंटसमोर एक रकाना वाढवायला सांगा : दहा मिनिटांच्या चालण्यावरचे स्वच्छतागृह कोणते. शाळा, दवाखाना, बँक, मंगल कार्यालय, पेट्रोल पंप. तिथल्या माणसाचे नाव आणि किल्ली कुणाकडे हेही लिहायचे. जिथे काहीच नाही तिथे फिरते स्वच्छतागृह. आणि महिला अंमलदारांना जोडीने नेमा, म्हणजे एक जण जाऊन येईपर्यंत पॉइंट उघडा पडत नाही. एकटीला नेमले की स्वच्छतागृह शेजारी असूनही जाता येत नाही, ही खरी अडचण असते.

मुलासाठी बालसंगोपन रजा आहे : जुलै २०१८ पासून पूर्ण सेवेत १८० दिवस, मूल १८ वर्षांचे होईपर्यंत, एका वर्षात जास्तीत जास्त दोन महिने. सणासुदीच्या तोंडावर अर्ज दिला तर तो मागे ठेवला जाण्याची शक्यता जास्त. बंदोबस्ताचा हंगाम सोडून, दोन महिने आधी द्या.

प्रश्न : पोलिसांची संघटना का नाही?
– एक वाचक, मुंबई

पोलीस दले (हक्कांवर निर्बंध) अधिनियम, १९६६ मुळे पूर्वपरवानगीशिवाय संघटना करता येत नाही. मुंबईत शिपायांची संघटना होती. ऑगस्ट १९८२ मध्ये शहरात पोलिसांचे बंड झाले आणि तिची मान्यता गेली. तेव्हापासून अंमलदारांपुढे वरिष्ठांसमोर व्यक्तिशः मांडणी, दरबार, लेखी निवेदन आणि मॅट एवढेच रस्ते आहेत. म्हणूनच या रस्त्यांवरचा प्रत्येक अर्ज पोच घेऊन, तारखेसह आणि एकाच मागणीचा असावा. तीन मागण्या एका कागदावर लिहिल्या की सोपी एक मान्य होते आणि अर्ज निकाली निघतो.

प्रश्न : वाहतूक शाखेत नऊ वर्षे उभा आहे. पोटऱ्यांवर निळ्या शिरा फुगल्या आहेत. मोजे वापरावेत का?
– पोलीस हवालदार, नाशिक

वापरा, पण डॉक्टरांकडून माप घेऊन आणि पायांचा रक्तप्रवाह तपासून. दाबाचे मोजे सकाळी अंथरुणातून उठण्याआधी चढवायचे. पाय सुजल्यावर चढवले तर उपयोग कमी होतो आणि घडी पडून त्वचा कापते. पॉइंटवर दर अर्ध्या तासाने टाचा वर-खाली करणे १५–२० वेळा. पोटरीचा स्नायू आवळला की साचलेले रक्त वर ढकलले जाते. बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. घरी वीस मिनिटे पाय छातीपेक्षा उंच ठेवा. एकच पाय अचानक सुजला, गरम लागला, दुखू लागला तर चोळू नका. शिरेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉप्लर तपासणी करा. आणि चौकातली ड्युटी दोन-दोन तासांनी बसून करण्याच्या कामाशी, जसे ई-चलन किंवा नियंत्रण कक्ष, अदलाबदल करून मिळावी असा अर्ज डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आजच द्या. सिंहस्थाचा बंदोबस्त तोंडावर आहे, तेव्हा ही अदलाबदल मिळणार नाही.